बिडी सुटल्यावरचं जेवण

नवऱ्यानं बिडी सोडली की बायकोनं पेढे वाटायचे असतात. द्वारकाबाईनंही वाटले. मुकुंदवाडीच्या त्या बोळात घरोघर जाऊन, डोक्यावरचा पदर सावरत, हसतमुखानं वाटले. आता त्या पेढ्यांचं कुणी नाव काढलं तर तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तिची खानावळ म्हणजे घराचीच पुढची खोली. चार बाकं, दोन लांब टेबलं, कोपऱ्यात पाण्याचा माठ. दारावर पाटी नाही, कारण पाटीची कधी गरजच पडली नाही. चिकलठाण्याच्या कंपन्यांत कामाला जाणारी पोरं 'मावशीकडं जातो' म्हणून येतात आणि ढेकर देत जातात. सव्वीस वर्षं हे चाललं आहे. सिल्लोडकडच्या खेड्यातून ती इथं आली तेव्हा तिच्याजवळ दोनच गोष्टी होत्या. एक नवरा आणि दुसरी येसराची आमटी. लग्नाच्या पंगतीत वाढतात ती, भाजलेल्या डाळी-धान्याच्या पिठाची, काळ्या मसाल्याची, पातळ आणि जहाल. त्या आमटीवर तिनं सुदर्शनला, म्हणजे मुलाला, शिकवलं, त्याचं लग्न केलं आणि आता नात श्रेया शाळेत जाते.

आता एक गोष्ट आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला खुळ्यासारखं वाटेल. द्वारकाबाई रांधताना चाखत नाही. कधीच नाही. लग्नानंतर पहिल्यांदा चुलीपुढं बसली तेव्हा सासूनं दम भरला होता, "रांधणारीनं तोंड लावलं की ते उष्टं झालं. उष्टं देवाला चालत नाय अन् माणसाला पचत नाय." सासू गेली, चूल गेली, गॅस आला, मिक्सर आला, पण तो दम काही गेला नाही. मीठ हाताच्या अंदाजानं, तिखट रंगावरून, शिजलं की नाही ते वासावरून. मग देवाला नैवेद्य, आणि देवाचं झालं की पहिलं ताट अप्पारावांचं. ते काय म्हणतात ते ऐकायचं, मीठ-पाणी सारखं करायचं, आणि मगच पोरांना वाढायला घ्यायचं. ती स्वतः जेवायची तीन वाजता, सगळ्यांचं उरकल्यावर. उभ्याउभ्या, भाकरीवर ठेचा घेऊन. त्या वेळी भूक मेलेली असते आणि आमटीचं पातेलं खरवडलेलं असतं. स्वतःच्या हातची येसर गरमागरम, भुकेल्या पोटी कशी लागते, हे त्या बाईला ठाऊकच नव्हतं. हसू नका. आपल्याकडं अशा बाया घरटी एक आहेत.

आणि अप्पाराव? वा रे वा, काय माणूस होता! कंपनीत स्टोअरला होते, कायम दुपारपाळीला, मग निवृत्त झाले, पण रिकामे कधी दिसले नाहीत. चहाच्या पहिल्या घोटाला ह्या माणसाचे डोळे मिटायचे. श्रेयानं कागदावर चार रेघोट्या मारल्या तरी "अगागागा, ह्यो मोर हाय का बदक?" म्हणून अर्धा तास तिच्याशी भांडायचे. साडेदहा वाजता दारातल्या लिंबाखाली बसून एक बिडी ओढायची, हातपाय धुवायचे आणि पहिल्या ताटाला बसायचं. पहिला घास तोंडात गेला की मान डावीकडं कलायची, नाकपुड्या फुलायच्या आणि मग यायचं ते.

"वा! द्वारके, काय जमलंय गं! बोटं खाऊन टाकीन आता!"

शेजारच्या शिलाई मशीनवरच्या बाईलाही ऐकू जायचं. एखाद्या दिवशी "मीठ चिमूटभर टाक" किंवा "पाणी लई झालं" असंही यायचं, पण 'वा' आल्यावर. जेवण झालं की लिंबाखाली दुसरी बिडी.

द्वारकाबाई त्या 'वा'वर जगली. खोटं नाही सांगत. नवऱ्यानं तिला कधी दागिना केला नाही, कुठं फिरवली नाही, साडी आणली तर ती पडद्याच्या कापडासारखी. तिला कशाचं वाईट वाटलं नाही. सकाळी साडेचारला उठून चार शेर पीठ मळायचं बळ त्या एका शब्दात होतं. ती उघड कबूल करायची नाही, पण सकाळचे अकरा वाजत आले की तिचे कान ओसरीकडं लागलेले असायचे.

मग गेल्या माघात अप्पारावांच्या छातीत कळ आली. सिडकोतल्या एका दवाखान्यात नळी टाकली, जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, "बिडी की बायको, काय ते ठरवा." घाबरलेल्या माणसानं बायको निवडली. सुदर्शननं त्यांना सरकारी दवाखान्यातल्या तंबाखू सोडवायच्या केंद्रात नेलं. तिथं रूपाली नावाची समुपदेशक होती, वयानं सुनेएवढी, बोलायला गोड. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. रूपालीनं बोटांवर मोजून सांगितलं, "बारा आठवडे घ्यायच्या. मधेच बरं वाटलं तरी बंद नाही करायच्या हं काका."

गोळीनं कमाल केली. दुसऱ्या आठवड्यात अप्पारावांनी चोरून एक बिडी पेटवली आणि अर्धी टाकून दिली. "वाळला पाला ओढल्यागत लागतंय," म्हणाले. बिडी गेली. 'वा' थोडं हळू झालं, पण होतं. द्वारकाबाईनं देवापुढं साखर ठेवली.

फक्त गोळीनं मळमळायचं. आणि झोपेत चमत्कारिक स्वप्नं पडायची. स्टोअरमधला माल मोजत अप्पाराव मोठमोठ्यानं बडबडायचे, श्रेया घाबरून रडायची. पाचवा आठवडा संपला तेव्हा द्वारकाबाईनं विचार केला. बिडी तर सुटली. मग आता गोळी कशाला? एक सुटलं म्हणून दुसरं लावून घ्यायचं? गुण आला की औषध बंद, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. आणि चांगलं औषध वाया घालवायचं नाही, हेही शिकवावं लागत नाही. तिचा भाऊ कृष्णा सिल्लोडला असतो, दिवसभर तंबाखू मळतो. तिनं उरलेली सगळी पाकिटं त्याला पाठवून दिली. त्यानं अनशापोटी दोन गोळ्या एकदम घेतल्या, सकाळभर ओकला आणि फोन केला, "अक्का, भावाला जहर पाजतीस व्हय गं?" बाकीच्या त्यानं उकिरड्यावर फेकल्या. द्वारकाबाई पोट धरून हसली. तिनं अप्पारावांना सांगितलं, तेही हसले. त्याच आठवड्यात तिनं पेढे वाटले.

अप्पाराव त्यानंतर हसलेले तिला आठवत नाहीत.

एकदम काही झालं नाही. आधी चहा गेला. म्हणजे प्यायचे, पण गार झालेला. मग श्रेयाचा कागद गेला. पोरगी चित्र घेऊन यायची, "आबा, मोर हाय का बदक?" आणि आबा म्हणायचे, "हां." पोरीनं चार दिवस विचारलं, पाचव्या दिवशी ती चित्र घेऊन शेजारी गेली. आणि अकरा वाजता ताटावर बसलेला माणूस घास उचलायचा, चावायचा, गिळायचा. मान कलायची नाही.

"कसं झालंय?"

"ठीक हाय."

"ठीक म्हंजी?"

"ठीक म्हंजी ठीक."

चिडले असते तर तिनं भांडण केलं असतं. भांडायला ती कुणाला हार जात नाही. पण ज्या माणसाला रागही येत नाही त्याच्याशी भांडणार काय कपाळ! तिनं तूप वाढवून पाहिलं. खोबरं जास्त भाजून पाहिलं. एक दिवस मुद्दाम धपाटी केली, त्यांची लाडकी, वर लोण्याचा गोळा. त्यांनी तीन खाल्ली आणि हात धुऊन भिंतीकडं बघत बसले.

तिनं मुलाला सांगितलं. सुदर्शन हेल्मेट काढता काढता म्हणाला, "आई, रिपोर्ट एकदम क्लिअर आहेत. बाबा वाचलेत. अजून काय पाहिजे तुला?" शेजारणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "बया, माझा रोज ढोसून येतो. तुझं दुखणं म्हंजी भरल्या पोटाचं." बरोबरच आहे. 'नवरा माझं कौतुक करत नाही' असं साठीच्या बाईनं कुणाला सांगायचं? लोक तोंडावर हसतील. तिनं तोंड मिटलं. पण आतून बाई करपत चालली होती.

आणि मग तो येसरचा दिवस आला. तिनं आमटीत मीठ टाकलं, तेवढ्यात श्रेया धडपडली म्हणून धावली, परत आली आणि हातानं नेहमीच्या सवयीनं पुन्हा मूठ टाकली. नैवेद्य झाला. देव काही बोलला नाही, तो कधीच बोलत नाही. पहिलं ताट अप्पारावांचं. त्यांनी भाकरी कुस्करून सगळं संपवलं, वाटी पुसून घेतली. "ठीक हाय," म्हणाले. तिनं वाढायला घेतलं.

गोकुळ नावाचं एक गिऱ्हाईक आहे, अकरा वर्षं तिच्याकडं जेवतो, तिच्या हाताखाली वाढल्यासारखाच. त्यानं पहिला घास तसाच तोंडात धरला. मग कसाबसा गिळून तांब्या तोंडाला लावला. "मावशी," तो हळू म्हणाला, "आज समिंदर आणलाय का काय घरी?" तोवर बाकावरची दुसरी पोरं ताटं सरकवत होती. नवी पोरं, त्यांना कसली भीड! एकानं तर ताटातच हात धुतला. तिच्या घरात, भरल्या ताटात!

पोरं गेल्यावर ती अप्पारावांसमोर जाऊन उभी राहिली.

"खारट झालं होतं?"

"व्हय. लई."

"तुमच्या जिभेला कळलं होतं?"

"कळलं की."

"मग बोलला का नाय?"

अप्पारावांनी खरंच विचार केला. तोंड चुकवलं नाही, थाप मारली नाही. म्हणाले, "बोलावंसं वाटलं नाय. खारट काय अन् आळणी काय, पोटातच जायचं हाय."

जीभ मेली असती तर परवडलं असतं. जीभ शाबूत होती. बिडी सुटल्यावर उलट चांगली झाली होती. मेलं होतं ते दुसरंच काहीतरी.

दुसऱ्या दिवशी ती कुणाला न सांगता रिक्षानं रूपालीकडं गेली. आत जाऊन बसली आणि धाडकन म्हणाली, "बाई, तुमच्या गोळीनं माझ्या माणसाची चव नेली."

रूपालीनं सगळं ऐकून घेतलं. गोळ्या पाचव्या आठवड्यात बंद केल्या आणि उरलेल्या भावाला दिल्या, हे ऐकून तिनं कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "मावशी, गोळीनं नाही नेली. उलट गोळी होती तोवर थोडी टिकली होती. तंबाखूतलं ते निकोटीन आहे ना, ते नुसती स्वतःची तलफ लावत नाही. ते दुसऱ्या गोष्टींची गोडीपण वाढवून दाखवतं. चहा, गाणं, लेकरांचं हसणं, जेवण. काकांचं डोकं चाळीस वर्षं त्या टेकूवर उभं होतं. टेकू गेला की काही दिवस सगळं सपक लागतं. गोळी त्या टेकूचं थोडं काम करते, म्हणून ती ठरलेल्या मुदतीपर्यंत घ्यायची असते. तुम्ही एकदम काढलीत."

"म्हंजी मीच केलं."

"तसं नाही म्हणत मी. सगळ्यांचंच असं होतं असंही नाही. अन् बहुतेकांची गोडी परत येते, कुणाची लवकर, कुणाची उशिरा. तुम्ही काकांना घेऊन या. मन फार खाली गेलं असेल तर डॉक्टर बघतील, त्यावर इलाज आहे."

पोरगी शहाणी होती, मनापासून सांगत होती. पण द्वारकाबाईच्या कानात एकच शब्द अडकला होता.

"वाढवून दाखवतं म्हंजी किती?"

"काय?"

"माझी आमटी. त्यात माझं किती अन् बिडीचं किती?"

रूपालीला वाटलं मावशी गंमत करतात. ती हसली. द्वारकाबाईही हसली आणि उठली.

घरी येऊन तिनं अप्पारावांना चला म्हटलं. "कशाला? मला काय झालंय?" ते म्हणाले. खरंच होतं, त्यांना काहीच झालं नव्हतं. ज्याची गोडी जाते त्याला गोडी गेल्याचंही दुःख होत नाही, ते दुःख आजूबाजूच्यांनी वाटून घ्यायचं असतं. तिनं रडून पाहिलं, सुदर्शनकडून सांगवून पाहिलं. माणूस जागचा हलला नाही.

आणि दुसऱ्या दिवशी नैवेद्याच्या आधी तिनं ते केलं. सासूला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या, पळी उचलली, गरम येसर तळहातावर घेतली आणि चाटली. पुन्हा घेतली. मग भाकरीचा तुकडा मोडून, पाटावर बसून, भुकेल्या पोटी चार घास नीट जेवली.

वाईट नव्हतं. मीठ बरोबर होतं, तिखट बरोबर होतं, मसाला जळला नव्हता. बरं होतं. सिल्लोडच्या कुठल्याही घरी गेलात तर मिळेल असं. पण डोळे मिटावेत? बोटं खाऊन टाकावीत? तिनं पाचवा घास घेतला, सहावा घेतला, त्या 'वा'ला शोधत राहिली. सापडलं नाही. पोरं येत होती ती कंपनीजवळ स्वस्त आणि पोटभर म्हणून येत होती, हेही तिला त्याच पाटावर कळलं. इतकी वर्षं चाखलं नाही तेच बरं होतं, असं तिला वाटलं.

त्या दिवशी तिनं नवऱ्याला विचारलं, "खरं सांगा. आधी तरी माझं जेवण चांगलं लागायचं का?"

अप्पारावांनी हातातला गार चहा खाली ठेवला. मग म्हणाले, "मी 'वा' म्हणायचो ते ध्यानात हाय. कसं लागायचं ते नाय आठवत."

ह्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बाईनं सोसली असती. खोटं बोलायला काय पैसे पडतात का हो माणसाला? पण खोटं बोलायलाही समोरच्याला बरं वाटावं अशी हौस लागते. तीही गेली होती.

मग तिनं जे केलं त्याला वेडेपणा म्हणा, पाप म्हणा. ती टपरीवर गेली आणि बिडीचं बंडल घेतलं. टपरीवाला कडुबा तिच्याकडं बघतच राहिला. "मावशी, अप्पांनी तर सोडली ना?" "गिऱ्हाइकाला पायजे," ती म्हणाली. तिला सगळं ठाऊक होतं. छातीतली नळी ठाऊक होती, डॉक्टरांचा शब्द ठाऊक होता. घरी येईपर्यंत ती स्वतःला समजावत होती, एक बिडी. एका बिडीनं कोण मरतंय? आधी ओढतील, मग जेवतील, एकदा मान कलेल, एकदाच म्हणतील, मग बंडल फेकून देईन. एवढ्यासाठी ती नवऱ्याच्या जिवाशी खेळायला निघाली होती. आणि तरीही, देवाशपथ सांगतो, तिचे पाय थांबले नाहीत.

अकरा वाजता अप्पाराव बसले. तिनं ताट ठेवलं. भाकरी, येसर, वांगं, कांदा. आणि वाटीच्या शेजारी बंडल ठेवलं.

अप्पारावांनी खाली बघितलं. हात भाकरीकडं निघाला होता तो वाटेत वळला. त्यांनी बंडल उचललं, नाकाशी नेलं. आणि द्वारकाबाईच्या डोळ्यांदेखत त्यांची मान हळूच डावीकडं कलली. नाकपुड्या फुलल्या. डोळे मिटले. चार महिन्यांनी तो चेहरा परत आला होता, जसाच्या तसा, एक सुरकुतीही इकडची तिकडं नाही.

"वा," अप्पाराव म्हणाले. "वा, द्वारके."

ताटातल्या अन्नाला अजून बोटही लागलं नव्हतं.

तिनं झडप घालून बंडल हिसकावलं आणि मोरीतल्या खरकट्या पाण्याच्या बादलीत फेकलं. वर चार तांबे पाणी ओतलं. आयुष्यात कुठल्या बाईवर ती अशी जळली नव्हती. नवऱ्याचं एखादं लफडं असतं तर तिनं त्या बाईच्या झिंज्या उपटल्या असत्या. पण इथं सवत लग्नापासून अडतीस वर्षं घरात होती, आणि तिच्या नावाचं कौतुक द्वारकाबाई आपलं म्हणून उराशी धरून बसली होती.

"भिजलं ना सगळं," अप्पाराव बादलीकडं बघत म्हणाले. त्यांचा आवाज थरथरला. महिनोन् महिने ज्या आवाजात राग नव्हता, लोभ नव्हता, तो त्या भिजक्या पाल्यासाठी थरथरला. डोळ्यांत पाणी आलं. द्वारकाबाईनं ते पाणी बघितलं.

मग चेहरा हळूहळू पुन्हा पहिल्यासारखा कोरा झाला. ते ताटाकडं वळले, भाकरी मोडली, येसरमध्ये बुडवली आणि जेवू लागले. सगळं संपवलं.

"ठीक हाय," तिनं न विचारताच म्हणाले.

बाहेर पोरं येऊन बाकांवर बसत होती. गोकुळनं माठातलं पाणी घेतलं. द्वारकाबाईनं नवऱ्याचं उष्टं ताट उचलायला हात घातला आणि त्यांना विचारलं, "अजून अर्धी भाकर वाढू?"

"वाढ," अप्पाराव म्हणाले.

तिनं वाढली.